एकट्या शिकाऱ्याच्या वजनाचा हिशेब

अलास्कातील मूसच्या शिकारीचे नियोजन करू लागले की बंदूक, काडतुसे आणि नेम यांचा विचार फार लवकर आटोपतो आणि उरलेले सगळे महिने वजनाच्या हिशेबात जातात, ही गोष्ट या विषयाशी संबंध न आलेल्या माणसाला सहसा पटत नाही. मूस हा हरणांच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी असून अलास्कातील पूर्ण वाढलेल्या नराचे वजन सुमारे ५४० ते ७२५ किलो भरते, म्हणजे आपल्याकडील सांबराच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक, आणि अशा नरापासून हाडे वगळूनही सव्वादोनशे किलोच्या घरात मांस मिळते. रस्ता नसलेल्या मुलखात छोट्या विमानाने नदीच्या वरच्या अंगाला उतरायचे, सोबत आणलेली राफ्ट, म्हणजे हवा भरून फुगवायची रबरी नाव, तेथेच उभी करायची, प्रवाहाबरोबर खाली येत शिकार करायची आणि ठरलेल्या जागी पुन्हा विमानाची वाट पाहायची, असा या मोहिमेचा साचा आहे. प्रस्तुत लेखकाने कस्कोक्विम नदीच्या खोऱ्यात अशी मोहीम एकट्याने करण्याचे योजिले होते. उपनदीचे नाव येथे दिलेले नाही, कारण या वर्तुळात आपली नदी कोणी कोणाला सांगत नाही आणि ती प्रथा मोडण्याचे काही कारण दिसत नाही. ही मोहीम नदीत वा रानात नव्हे, तर एका विमान कंपनीच्या कार्यालयात अडली आणि ते अजूनही पचलेले नाही.

औपचारिक भाग थोडक्यात आटोपता येतो. बाहेरच्या राज्यातून अलास्कात येणाऱ्या अमेरिकी नागरिकाला शिकारीचा परवाना १६० डॉलरना आणि मूसचा टॅग, म्हणजे मारलेल्या जनावराला लावायची क्रमांकित पट्टी, ८०० डॉलरना घ्यावा लागतो. परवानाधारक वाटाड्या सोबत नेण्याची सक्ती तपकिरी अस्वल, डॉल मेंढा आणि डोंगरी बकरा यांच्यापुरती आहे, मूससाठी ती नाही; मात्र ही सवलत परदेशी पाहुण्याला मिळत नसल्याने पुण्याहून किंवा पणजीहून थेट जाणाऱ्याला मूससाठीही वाटाड्या घ्यावाच लागेल. प्रस्तुत लेखक अमेरिकेचा नागरिक असून वॉशिंग्टन राज्यात राहतो, त्यामुळे हा प्रश्न उद्भवला नाही. शिकारीच्या मुलखात विमानाने उतरल्या दिवशी शिकार करता येत नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजेपर्यंत थांबावे लागते, म्हणजे वरून जनावर हेरून लगेच खाली उतरून मारण्याची सोय कायद्याने काढून घेतलेली आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय पुस्तकांत आणि बातम्यांत उरला, म्हणून नातेवाइकांना या साऱ्याविषयी जे वाटते ते समजण्यासारखे आहे. त्यांना एवढेच सांगता येते की अमेरिकेत १९३७ च्या कायद्यापासून बंदुका आणि काडतुसे यांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाकडे जातो, आणि एवढे सांगूनही त्यांचे समाधान होत नाही.

कायदेशीर मूस कोणता, हा प्रश्न मात्र थोडक्यात सुटत नाही. बहुतेक विभागांत बाहेरच्या शिकाऱ्याला फक्त मोठा नर मारता येतो, आणि मोठा म्हणजे ज्याच्या शिंगांचा विस्तार किमान ५० इंच आहे किंवा ज्याच्या एका तरी शिंगाला कपाळाच्या बाजूने पुढे आलेली टोके विभागानुसार तीन किंवा चार आहेत. टोक म्हणायचे तेही किमान एक इंच लांब आणि रुंदीपेक्षा लांबीने अधिक असेल तरच. हे मोजमाप जनावर मेल्यावर फितीने होते, निर्णय मात्र त्यापूर्वी, विलोच्या झुडपांत अर्धवट लपलेल्या आणि मान हलवणाऱ्या प्राण्याकडे दुर्बिणीतून पाहत घ्यायचा असतो, आणि तो चुकला तर मांस जप्त होते व खटला भरला जातो. सप्टेंबरच्या उत्तरार्धात माजाचा काळ जवळ येतो तेव्हा मादीच्या आवाजाची नक्कल करून किंवा खांद्याच्या वाळलेल्या हाडाने झुडपे खरवडून नराला जवळ बोलावता येते. येथे एकट्या माणसाचा फायदाच होतो, कारण नदीकाठी एकच माणूस असेल तर कुजबूज नसते, हालचाल निम्मी असते आणि शंका असेल तर चाप न ओढण्याचा निर्णय कोणाच्या उत्साहापुढे वाकत नाही. शंका असलेला मूस सोडून देण्याची शिस्त एकट्याला जितकी पाळता येते तितकी जोडीला पाळता येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत होते.

नदीकाठची जमीन कोणाची, हा नियोजनातील पुढचा आणि बहुतेकांनी दुर्लक्षिलेला भाग. १९७१ च्या समझोता कायद्याने अलास्कातील मूळ रहिवाशांच्या महामंडळांना सुमारे ४ कोटी ४० लाख एकर जमिनीचा हक्क मिळाला आणि त्यातील बरीचशी नद्यांच्या काठांनी आहे. तिच्यावर परवानगीवाचून शिकार करणे किंवा तळ टाकणे म्हणजे सरळ अतिक्रमण. नौकायोग्य नदीचे पात्र मात्र नेहमीच्या उच्च जलरेषेपर्यंत साधारणपणे राज्याच्या मालकीचे मानले जाते, म्हणून अनुभवी लोक काठावर न चढता पात्रातील गोट्यांच्या पट्ट्यावर तंबू ठोकतात. पात्र कोणाचे हा वाद किती ताणला जाऊ शकतो, याचे उदाहरण जॉन स्टर्जन या मूसच्या शिकाऱ्याचेच आहे. २००७ मध्ये युकॉन-चार्ली संरक्षित क्षेत्रातून वाहणाऱ्या नेशन नदीत तो हॉवरक्राफ्टने, म्हणजे हवेच्या उशीवर चालणाऱ्या वाहनाने, शिकारीला निघाला असता राष्ट्रीय उद्यान सेवेच्या रक्षकांनी ते वाहन तेथे चालत नाही असे बजावले. तो न्यायालयात गेला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे दोनदा येऊन २०१९ मध्ये एकमताने त्याच्या बाजूने लागले. नकाशावर प्रत्येक वळणाची मालकी तपासण्यात हिवाळ्याच्या संध्याकाळी जातात त्या उगाच जात नाहीत.

आता मांसाचा मुद्दा, ज्यावर सगळे अवलंबून आहे. अलास्कात मारलेल्या मूसचे मान, छाती, बरगड्या, पाठीचा लांब पट्टा आणि चारही पायांवरचे खाण्याजोगे मांस आणणे बंधनकारक आहे, शिंगे मांसाच्या आधी हलवता येत नाहीत, आणि मांस वाया घालवणे हा दंड व तुरुंगवास या दोन्हींना पात्र ठरणारा गुन्हा आहे. त्यातही कित्येक विभागांत पुढचे-मागचे पाय आणि बरगड्या यांचे मांस रानाबाहेर नेईपर्यंत हाडांवरच ठेवावे लागते. या नियमामागचा तर्क बिनतोड आहे: हाडावरच्या मांसाला हवा लागून कोरडी साय धरते, तर सोडवलेले तुकडे पिशवीत एकमेकांना चिकटून गरम राहतात आणि आंबतात. परंतु त्याचा परिणाम असा होतो की मागचा एकेक पाय ५० किलोच्या आसपास किंवा त्याहूनही जड असतो आणि तो दोन फेऱ्यांत वाटून घेता येत नाही. हाडांसकट सगळे ओझे तीनशे किलोच्या जवळ गेले आणि जनावर नदीपासून एक किलोमीटरवर पडले, तर आठ-नऊ फेऱ्या म्हणजे सोळा ते अठरा किलोमीटरची चाल, तीही गवताच्या डुगडुगत्या ढेपांवरून आणि पाण्याने भरलेल्या शेवाळातून. त्यापूर्वी एवढे जनावर एकट्याने उलटवायचे असते, त्यासाठी दोर आणि कप्प्या लागतात आणि आसपास दोर बांधण्याजोगे झाड लागते. मांड्यांच्या सांध्याभोवतीची उष्णता लवकर बाहेर काढली नाही तर तेथूनच मांस बिघडते. रात्री अस्वल येण्याचा संभव असतो, आणि त्याने मांसावर ताबा मिळवला तर केवळ मांस वाचवण्यासाठी त्याला मारणे सहसा कायद्यात बसत नाही. म्हणूनच नदीपासून लांबचा मूस मारायचा नाही आणि पाण्यात उभा असलेला मूस तर मुळीच मारायचा नाही, कारण पाण्यात पडलेले धूड एकट्याने काठावर येत नाही, हे दोन नियम आराखड्यात लिहून ठेवलेले होते.

या हिशेबाच्या टोकाला विमान असते. ज्या बीव्हर जातीच्या विमानाने जायचे होते ते एका खेपेला ढोबळमानाने साडेचारशे ते पाचशे किलो ओझे घेते. माणूस, राफ्ट, वल्ही, चौकट, तंबू, अन्न आणि बंदूक एका खेपेत जातात, पण परत येताना मांसासाठी दुसरी खेप लागू शकते. भाडे माणशी नसते, खेपेला असते. जोडीने गेलेले दोघे ते वाटून घेतात, एकटा सगळे भरतो, आणि त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही, कारण ते आधीच सांगितलेले असते.

कंपनीशी पत्रव्यवहार जानेवारीत सुरू झाला. पहिल्याच ईमेलमध्ये एकच माणूस, एकच मूस, चौदा फुटी राफ्ट आणि सामानाचे अंदाजे वजन हे सगळे लिहिलेले होते, आणि उत्तरात कंपनीने तारखा देऊन अर्धी रक्कम अनामत म्हणून मागितली. ती पाठवल्यावर मार्चमध्ये आणखी एक ईमेल आली, तीत उतरण्याची आणि उचलण्याची जागा निश्चित केलेली होती. एकट्या माणसाबद्दल शब्दही नव्हता. जुलैच्या मध्यावर, परवाना आणि टॅग घेऊन झाल्यावर, अँकरेजपर्यंतचे तिकीट काढून झाल्यावर, तीन ओळींचा मजकूर आला की या हंगामापासून एकट्या शिकाऱ्याला नेले जाणार नाही, जोडीदार मिळाल्यास तारखा कायम राहतील आणि न मिळाल्यास ग्राहकाने आरक्षण रद्द केले असे समजून अनामत परत केली जाणार नाही. सही केलेल्या अटी पुन्हा वाचल्या असता त्यांत ग्राहकाने रद्द केल्यास काय, हवामानाने उड्डाण चुकल्यास काय, हे होते. कंपनीनेच अट बदलल्यास काय, हे नव्हते. तेव्हा नकार कंपनीचा आणि नोंद मात्र ग्राहकाच्या नावावर, अशी ही रचना. फोनवर विचारले असता पुढच्या वर्षासाठी रक्कम जमा धरू असे सांगण्यात आले, मात्र तेव्हाही दोघे असले पाहिजेत, ही पुस्ती होतीच.

फोनवरच्या गृहस्थांनी कारणही दिले. एकट्याला मांस काढायला दुप्पट वेळ लागतो, तो ठरलेल्या दिवशी ठरलेल्या पट्ट्यावर पोचत नाही, विमान रिकामे परतते, पुढच्या गटांचे वेळापत्रक कोलमडते आणि तोवर उन्हाळी दिवस आला तर मांस जाते. कारण म्हणून यात खोट काढता येत नाही. परंतु त्या नियमाने जी सुरक्षितता साधायची ती साधते का, हे पाहिले तर उत्तर वेगळे मिळते, कारण दोन माणसे गेली की बहुधा दोन टॅग जातात, आणि दोन टॅग गेले की दोन मूस पडू शकतात, म्हणजे माणशी ओझे तेवढेच राहते, राफ्ट मात्र दुप्पट खोल बुडते आणि विमानाच्या खेपा वाढतात. खरी सुरक्षित मोहीम म्हणजे दोन माणसे आणि एक मूस. कंपनीने डोकी मोजली, मूस मोजले नाहीत, आणि ज्यांचा धंदाच किलोंवर चालतो त्यांनी असे करावे याचे नवल वाटते. यावर त्या गृहस्थांचे उत्तर असे होते की नियम सोपा असावा लागतो.

असे असूनही, जुलैनंतर तोच आराखडा पुन्हा तपासताना एकट्याच्या बाजूचा जोर पूर्वीइतका राहिला नाही, हे नोंदवले पाहिजे. १९९२ च्या जूनमध्ये ख्रिस मॅककँडलेस या तरुणाने स्टँपीड वाटेवरील पडीक बसजवळ एकट्याने मूस मारला होता, त्याच्याकडे हलकी .२२ बंदूक होती, मांस टिकवण्याचा त्याचा प्रयत्न फसला आणि मारल्याचा पश्चात्ताप त्याने स्वतःच लिहून ठेवला. त्याच्यावर पुढे पुस्तक आले, चित्रपट आला, आणि लोकांची रीघ थांबेना म्हणून २०२० मध्ये ती बस हेलिकॉप्टरने उचलून नेण्यात आली. शिकाऱ्यांच्या गप्पांत त्याचे नाव निघाले की प्रत्येकाला शहाणपण सुचते, आणि त्यातले बरेचसे शहाणपण बोलणाऱ्याच्या मागे विमान, उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र आणि दोन मित्र उभे असल्यामुळे आलेले असते. तरीही कप्प्या, दोर आणि मीठ-मसाल्यासह सगळे नीट मांडलेल्या नियोजनातही एक घोटा मुरगळला, किंवा काठावरून पाण्यावर आडवे झुकलेल्या झाडाखाली राफ्ट ओढली गेली, तर तीनशे किलो मांस रानात राहते, आणि मग कायद्याने नव्हे तरी अन्य दृष्टीने हा माणूस आणि तो तरुण यांच्यात फार अंतर उरत नाही. दोघांनी जावे, मूस एकच मारावा आणि मांस निम्मे-निम्मे घ्यावे, हा पर्याय त्यामुळे अधिक शहाणपणाचा दिसतो. एकट्याने जाण्याची ओढ मात्र त्याने कमी झालेली नाही.

एकट्या माणसाला नेऊ नये हा नियम योग्य असेलही, पण तो अनामत घेण्यापूर्वी सांगायचा असतो, आणि नंतर लागू केला तर घेतलेले पैसे परत करायचे असतात. ते परत आलेले नाहीत. ज्याला अशी मोहीम आखायची असेल त्याने नदी, राफ्ट आणि बंदूक यांच्याही आधी विमान कंपनीकडून दोन प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत: एकटा माणूस चालेल का, आणि उद्या कंपनीनेच नकार दिला तर पैसे किती दिवसांत परत मिळतील.