पानांचा अर्क

विलायतेंत पुतण्याकडे दोन महिने राहण्याचा योग आला. त्याचे तीर्थरूप, म्हणजे आमचे वडील बंधु, फुप्फुसाच्या विकारानें गेले; तेव्हांपासून सिगारेट सुटावी म्हणून तो ई-सिगारेट ओढतो. आपल्याकडे २०१९ च्या कायद्यानें हिच्या विक्रीस बंदी असल्यानें आम्हांस ही वस्तु नवीच.

बाजारांतील बहुतेक द्रवांत कृत्रिम सुवास असतो. कांहीं रसिक मात्र खरीं पानेंच प्रोपिलीन ग्लायकोलांत आठवडेच्या आठवडे भिजवून अर्क गाळतात. अशा तीन कुप्या त्यानें आमच्यापुढें मांडल्या. व्हर्जिनियाच्या पानाला गवताच्या गंजीचा गोडसर वास; सौम्य, आणि लगेच विसरण्याजोगा. सायप्रसचा लाटाकिया लांकडाच्या धुरावर वाळवितात. पहिल्याच झुरक्याला पावसाळ्यांतली ओल्या सरपणाची चूल आठवली. पण खरी मौज पेरीकमध्यें! लुइझियानांतील सेंट जेम्स परगण्यांत हीं पानें पिंपांत दाबून वर्षभर आंबवितात. मुरलेल्या लोणच्याच्या खाराचा आंबटपणा, आणि मागाहून आजोबांच्या तपकिरीची झणझण! (धूर नाहीं म्हणून निकोटीन नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये.) या अर्कांची खोड एकच: त्यांतील साखर तापल्या तारेवर करपून बसते, आणि तार वारंवार बदलावी लागते.

पेरीकची तारीफ आम्ही चालविली होती, तोंच सूनबाईंनीं ती कुपी उचलली. निकोटीनचें प्रमाण त्यानें मिलिलिटरला २० मिलिग्रॅमवरून ६ वर आणलें होतें.

"काका, त्यांच्यासमोर इतकें वाखाणूं नका," त्या म्हणाल्या.

रात्रीं त्यानें ती कुपी मागितली नाहीं. मागावीशी वाटली ती आम्हांसच.