फळ्यावरचे वाक्य

गेल्या नाताळच्या सुट्टीत लक्षद्वीपच्या कडमत बेटावर घरच्यांनी मला पाण्यात उतरवले. डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात श्वासाची नळी! हे सोंग पाहून धाकटी खो खो हसली.

होडीबिडी काही नाही. किनाऱ्यावरूनच चालत निघालो. बेटाच्या पश्चिमेला प्रवाळाच्या बांधाने अडवलेले उथळ, शांत पाणी आहे. ते छातीशी आले तेव्हा डोके आत घातले. कानांत केवळ माझाच श्वास. खाली एक पोपटमासा चोचीने खडक कुरतडीत होता. पोटात गेलेला चुना तो वाळू करून बाहेर टाकतो. मघाशी ज्या पांढऱ्या वाळूवर मी ऐटीत चाललो, तिच्यात त्याचाही वाटा होता तर!

एवढ्यात नळीत पाणी शिरले. घाबरून पाय सापडेल तिथे टेकले. रबरी बुटाखाली काहीतरी कटकन मोडले.

बरोबरचा बेटावरचा पोरगा ओरडला, "मास्टरजी, वो जिंदा है!"

'प्रवाळ सजीव आहे', हे वाक्य वीस वर्षे मी फळ्यावर लिहीत आलो होतो. अशी फांदी वर्षाला फार तर काही सेंटिमीटर वाढते. १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापला, तेव्हा इथले कितीतरी प्रवाळ पांढरे पडून मेले. त्यातून तगलेले, नव्याने रुजलेले बोटभर माझ्या पायाखाली गेले.

दिवाळीनंतर तो धडा पुन्हा येईल. यंदा खडू हाती घेण्याआधी मुलांना माझा गुन्हा सांगणार आहे.