चार स्टेशनांची गाडी

माणसाने जुनी गाडी घ्यावी. हौस असेल तर कर्ज काढून घ्यावी. पण तिच्यात रेडिओ आहे म्हणून घेऊ नये. मी 1978 च्या दिवाळीत घेतली ती नेमकी ह्याच कारणासाठी.

त्या काळात नवी गाडी हवी असेल तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. मुलीच्या बारशाला नंबर लावला तर तिच्या वरातीला गाडी हजर, असा हिशेब लोक मांडत. रस्त्यावर गाड्यांच्या जाती त्या मोजून तीन. आमची त्यांतली कोणती हे मी सांगणार नाही. कारण पुढे जे रामायण घडलं त्यात त्या बिचारीचा काडीइतकाही दोष नव्हता. वय वर्षं अकरा, माझ्याआधी दोन मालक होऊन गेलेले, पण अंगावर ताजा आकाशी रंग. दलाल बॉनेट उघडून इंजिनाची कुंडली सांगत होता आणि मी "हो, हो" म्हणत डॅशबोर्डकडे बघत होतो. दोन काळी बटणं, मधे हिरवट उजेडाची काच, काचेमागे लाल काटा. आणि मडगार्डवर एरियल! ओढली की चांगली दोन हात लांब होणारी. मी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढलं.

घरात गाडीचं काम आधीच ठरलेलं होतं. अण्णांचे गुडघे. अण्णा म्हणजे माझे वडील. मुंबईच्या तारऑफिसात चौतीस वर्षं काढून ते रिटायर झाले होते आणि रिटायर झाल्याबरोबर गुडघ्यांनी संप पुकारला होता. डॉक्टर, वैद्य आणि आमच्या आत्या ह्या तिघांचं आयुष्यात एकदाच एकमत झालं ते अकलोलीवर. भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठाला ही गरम पाण्याची कुंडं आहेत. शेजारी वज्रेश्वरी, पलीकडे गणेशपुरी. वसईच्या मोहिमेत, म्हणजे 1739 साली, चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला होता आणि तो फेडण्यासाठी देवीचं देऊळ उभं राहिलं. अप्पांना वसईचा किल्ला हवा होता; आमच्या अण्णांची मागणी त्या मानाने माफक होती. त्यांना जिना चढता यायला हवा होता.

तेव्हा दर रविवारी पहाटे नौपाड्याहून निघायचं, कशेळीचा पूल, मग भिवंडी, अंबाडी नाका आणि तिथून डावीकडे वळून अकलोली. पुढच्या सीटवर आमची ही, मागे अण्णा, त्यांच्या मांडीवर पंचा आणि धोतराची पिशवी, आणि वाटेत रेडिओवर जुनी गाणी. असं चित्र मी रंगवलं होतं. पहिल्या रविवारी बटण फिरवलं तर काच उजळली, काटा हलला आणि आतून कढईत ओले पापड सोडल्यासारखा आवाज आला. पापडांच्या मागे, फार लांब, कोणीतरी गात होतं. बाई की बुवा हे कळायला मार्ग नव्हता.

"भिवंडी जवळ आली ना," मी अधिकारवाणीने म्हणालो. "यंत्रमाग आहेत. इतक्या मोटारी चालतात, खरखर होणारच."

भिवंडी मागे पडली. यंत्रमाग मागे पडले. भाताची कापलेली खाचरं आली, पळस आले, बैलगाड्या आल्या. खरखर आमच्याबरोबर अकलोलीपर्यंत आली आणि मुक्काम न करता परतही आली.

तेव्हा रेडिओ बाळगायचा तर टपाल कचेरीत पैसे भरून लायसन्स काढावं लागे. ही पद्धत पुढे 1980 च्या दशकात बंद झाली. म्हणजे मी खरखर ऐकण्याबद्दल भारत सरकारला रीतसर फी भरत होतो. त्याच डिसेंबरात वानखेडेवर वेस्ट इंडीजविरुद्ध सुनील गावसकरांनी 205 धावा काढल्या. त्यांतल्या तीस-पस्तीस मी गाडीत बसून ऐकल्या. बाकीच्या खरखरीने काढल्या.

मग मी सल्ला घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे सल्ला घ्यायला सुरुवात करावी लागते; शेवट तो आपोआप होत नाही. मेहुणा म्हणाला, एरियल आखूड आहे. त्याने आणखी एक हातभर तार जोडून दिली. त्यामुळे गाडी झुरळासारखी दिसू लागली आणि खरखर जरा मोठ्याने ऐकू येऊ लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रोफेसरांनी सूर्यावरच्या डागांचं कारण सांगितलं. सूर्य स्वच्छ होईपर्यंत थांबायची माझी तयारी होती, पण त्याला किती वर्षं लागतील ह्यावर त्यांनी मौन पाळलं. ऑफिसातल्या एका मित्राने गाडीच्या मागे जमिनीला टेकेल अशी लोखंडी साखळी बांधायला लावली. पुढच्या रविवारी आम्ही अंबाडीपर्यंत हत्ती चालल्यासारखे खळखळत गेलो. रस्त्यावरची पोरं टाळ्या वाजवत होती. शेवटी रेडिओच सोडवून एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याच्या टेबलावर तो असा गायला की ऐकत राहावं! "सेट ओके आहे साहेब," म्हणून त्याने साठ रुपये घेतले. गाडीत बसवल्यावर पुन्हा पापड.

आमच्या हिचा सल्ला सगळ्यांत स्वस्त होता. "बंद करा की तो!"

ह्या सगळ्या काळात अण्णा मागच्या सीटवर गप्प बसलेले असत. रिटायर झाल्यापासून ते तसेच होते. गाडी घ्यायच्या वेळी फक्त "कर्ज काढून?" एवढं विचारलं होतं आणि मी जरा तोडून उत्तर दिलं होतं. त्यानंतर गाडीबद्दल एक शब्द नाही. आम्हाला वाटे, वय झालं. ऐकू कमी येत असेल.

जानेवारीतली गोष्ट. अण्णा कुंडावरून आले. अंगाला गंधकाचा वास, डोक्याला पंचा, गुडघे शेकून लालबुंद. मी इंजिन सुरू ठेवून बटणाशी झटापट करत होतो. अण्णा आज मागे न बसता पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसले.

"इंजिन बंद कर," ते म्हणाले.

मी केलं. खरखर गेली. कोणीतरी बातम्या देत होतं. आवाज बारीक, पण शब्दन् शब्द स्पष्ट.

"आता सुरू कर."

पापड.

"पायाने जरा दाब."

पापड भराभर तळले जाऊ लागले.

"आता रेडिओच्या मागचा एरियलचा प्लग काढ."

काढला. गाणंही गेलं आणि खरखरही गेली.

"म्हणजे घाण एरियलच्या वाटेने आत येते," अण्णा म्हणाले. "आणि ही खरखर नव्हे. ह्या ठिणग्या आहेत. नीट ऐकलंस तर वेगवेगळ्या मोजता येतात."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि मी एम.ए. झालेला माणूस तोंड उघडं टाकून ऐकत राहिलो. मार्कोनीने पहिले बिनतारी संदेश पाठवले ते ठिणग्या पाडूनच. त्याच सुमारास जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्यात बिनतारी लहरींनी लांबची घंटा वाजवून दाखवली, तीही ठिणगीच्याच जोरावर. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक चिमुकलं रेडिओ स्टेशन. आपल्या इंजिनात प्लग चार. इंजिनाच्या एका फेऱ्याला दोन ठिणग्या. मिनिटाला 2000 फेरे धरले तर 4000 ठिणग्या. "मुंबई केंद्र राहिलं तिकडे मालाडला," अण्णा म्हणाले, "आणि तुझी चार स्टेशनं बसलीत इथे, बॉनेटखाली. ऐकू कोणाचं येणार?"

"अण्णा, हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

"पहिल्या रविवारी. कशेळीच्या पुलावर."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

ह्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. आलेली तार जशीच्या तशी वाचून दाखवावी, तसं ते म्हणाले. चौतीस वर्षं ह्या माणसाने तारेच्या कडकट्टातून लोकांचे जन्म, मृत्यू आणि 'लवकर निघा' अचूक ऐकून लिहून घेतले होते. आणि त्याला ऐकू येत नाही असं आम्ही घरातल्या घरात परस्पर ठरवून टाकलं होतं. मी झुरळाच्या मिशा लावल्या, हत्तीची साखळी बांधली, सूर्यापर्यंत जाऊन आलो. फक्त मागे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. अण्णांनी ट्रंकेतून टॉर्चचा बल्ब, एक सेल आणि तारेचे दोन तुकडे काढले. सेलचं एक टोक गाडीच्या उघड्या लोखंडाला, दुसऱ्या टोकाची तार बल्बमधून एरियलच्या तारेवरल्या जाळीला. ती जाळी एरियलच्या बुडाशी मडगार्डच्या लोखंडाला घट्ट भिडलेली असायला हवी. मग बल्ब पेटतो. आमचा बल्ब ढिम्म. अण्णांनी मला मडगार्डखाली घातलं. गाडीला रंग देताना कोणीतरी एरियल काढली होती आणि रंगावरच परत बसवली होती. बुड आणि लोखंड ह्यांच्यामध्ये सुंदर आकाशी थर! त्यामुळे जाळी नुसती लोंबकळत होती आणि वाटेतल्या सगळ्या ठिणग्या गोळा करून रेडिओला नेऊन देत होती. वरच्या रंगाला भुलू नये हे उसाच्या दाखल्यासकट संतांनी आपल्याला सांगून ठेवलेलं आहे. पण जुनी गाडी घेताना अभंग कोणाला आठवतात?

पॉलिशपेपरने मी लोखंड चकचकीत घासलं. एरियल परत आवळली. बल्ब पेटला. त्या दोन पैशांच्या उजेडाने अण्णांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी गाडी घरी आणली त्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं. मग डिस्ट्रिब्युटरच्या मधल्या तारेत सप्रेसर बसवला. तो मुळात असायला हवा होता, पण कोणा मिस्त्रीने काढून टाकलेला. ठिणगीला तो प्लगपर्यंत जाऊ देतो, पण तिला वाटेत गाणी म्हणू देत नाही. शेवटी एक मंद स्टेशन लावून अण्णांनी रेडिओच्या कडेचा एक बारीक स्क्रू, श्वास रोखून, इकडून तिकडे फिरवला आणि आवाज भरला तिथे हात उचलला. एरियल आणि रेडिओ ह्यांचं गोत्र जमवणारा तो स्क्रू. एकंदर खर्च साडेआठ रुपये.

त्या रविवारी ही आपणहून मागे बसली. अण्णा पुढे. नौपाड्यातून निघालो तेव्हा गाडीत बालगंधर्व गात होते, इंजिन चालू असून गात होते. कशेळीच्या पुलावर मी विजयी मुद्रेने अण्णांकडे पाहिलं. त्यांनी थोडा वेळ मान डोलावली, मग हात पुढे करून रेडिओ बंद केला.

"का हो अण्णा? इतका छान लागलाय!"

"लागलाय ना? मग झालं तर," ते म्हणाले. "बेचाळीस साली आमच्या ऑफिसात एक गंमत झाली होती. तुला सांगितली नाही कधी…"

ती गंमत अकलोलीपर्यंत पुरली. परतीच्या वाटेत दुसरी निघाली. रेडिओ उत्तम चालू झाल्यावर त्या रस्त्यावर आम्ही तो क्वचितच लावला.

आता अण्णा नाहीत. तारसेवाही जुलै 2013 मध्ये बंद झाली. माझ्या मुलाची गाडी विजेवर चालते. तिच्यात प्लग नाहीत, ठिणग्या नाहीत आणि मध्यम लहरींचा पट्टाही नाही. त्या मोटारींची वीजच त्या पट्ट्यात खरखर करते, म्हणून काही कंपन्यांनी तो काढूनच टाकला. अण्णांना हे सांगायला फार आवडलं असतं.

माझे गुडघे हल्ली बोलू लागल्यामुळे मुलगा मला अकलोलीला नेतो. मी मागे बसतो, मांडीवर पिशवी. परवा गाडीत कुठून तरी बारीक किणकिण येत होती. मुलाने मोबाईलवर दोन तज्ज्ञांना विचारलं, सुनेने तिसऱ्याला. मला नौपाड्याच्या नाक्यावरच कळलं होतं. डिकीतल्या स्टीलच्या डब्याचं झाकण. पण मला कोणी विचारलं नव्हतं. मी ठरवलं, अण्णांसारखं गप्प बसायचं. कशेळीचा पूल आला.

"डबा आहे रे तो!" मी ओरडलो.

तारखात्यात चौतीस वर्षं काढल्याशिवाय असला धीर अंगी येत नाही.