नाव

पावसाळा सोडला, तर कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतली कापशी चप्पल घातल्याशिवाय मी वर्गात गेलो नाही, त्याला वीस वर्षे होत आली. तिची करकर ऐकूनच विद्यार्थी सावरून बसत.

जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानला तशाच चपला मांडल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही, तेव्हा प्राध्यापक-कक्षात सर्वांत तावातावाने मीच बोललो. २०१९ च्या भौगोलिक मानांकनाचा दाखलाही दिला.

त्याच आठवड्यात अंगठा उसवलेली जोडी घेऊन नेहमीच्या दुकानात गेलो. माझा डावा पंजा किंचित रुंद आहे, हे तिथल्या वृद्ध कारागिरांना न सांगता ठाऊक होते. मला मात्र त्यांचे नाव ठाऊक नव्हते.

त्या दिवशी ते विचारले. विचारताना मान खाली गेली.