बारा–शून्य

ऑगस्ट लागला की आमची विवेकबुद्धी रजेवर जाते. वर्षाचे अकरा महिने आम्ही वाङ्मय शिकवतो. संहितेत जे नाही ते तिच्यावर लादू नये, लेखकाच्या हेतूविषयी अंदाज बांधताना हात आखडता घ्यावा, असे विद्यार्थ्यांना बजावतो. बाराव्या महिन्यात मात्र एका फुटबॉल संघाविषयी आम्ही स्वतःच अशी काही विधाने करतो, की ती एखाद्या उत्तरपत्रिकेत आढळली असती तर समासात लाल शाईचे प्रश्नचिन्ह निश्चित पडले असते. लाल रंगाचा उल्लेख ओघाने आला. आमच्या संघाचा रंगही तोच आहे.

संघ नेब्रास्का विद्यापीठाचा. २००५ साली आम्ही लिंकन या गावी आलो तेव्हा फुटबॉल म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे पायाने खेळायचा चेंडू येई. इथला चेंडू लंबगोल, आणि तो बहुतांशी हातातच असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही सरकता आले तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन करायचा, असा हा वीत-वीत जमिनीसाठी भांडण्याचा खेळ आहे. शेतकऱ्यांच्या राज्यात तो रुजला यात नवल नाही. संघाचे नावच 'कॉर्नहस्कर्स', म्हणजे मक्याची कणसे सोलणारे. नियमित हंगामात सामने बारा. त्यामुळे कोणाचेही भाकीत दोन आकड्यांत मावते, किती जिंकणार आणि किती हरणार. १९६२पासून २०२५च्या हंगामापर्यंत इथल्या मेमोरियल स्टेडियमवर प्रेक्षकांना प्रवेश असलेल्या एकाही सामन्याची तिकिटे शिल्लक राहिलेली नाहीत. सामन्याच्या शनिवारी तिथे जमणारी सुमारे ८५ हजार माणसे मोजली, तर ओमाहा आणि लिंकन यांच्यानंतर राज्यातले तिसरे मोठे शहर तेच ठरते.

हे स्टेडियम १९२३ साली बांधले गेले. त्याच्या भिंतींवर कोरलेली वचने याच विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक हार्टली बर अलेक्झांडर यांची आहेत. त्यांतल्या एकाचा आशय असा, की मोल विजयाला नाही, खेळण्याला आहे. थोरवी असेल तर ती कृतीत. मराठी माणसाला हे वाचून कुरुक्षेत्र आठवल्यावाचून राहत नाही. आणि हे वचन नुसते दगडावर राहिले असेही नाही. २ जानेवारी १९८४ रोजी मियामी येथील ऑरेंज बाऊल सामन्यात नेब्रास्काचा तोवर अजिंक्य असलेला संघ अखेरच्या मिनिटात ३१–३० असा एका गुणाने मागे होता. साधी किक मारून बरोबरी साधली असती तरी राष्ट्रीय विजेतेपद बहुधा पदरात पडले असते. प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांनी बरोबरी नाकारली आणि दोन गुणांचा प्रयत्न केला. पास फसला. विजेतेपद गेले ते थेट १९९४ साली हाती आले. तरीही त्या निर्णयाची आठवण इथले वृद्ध लोक पराभव म्हणून सांगत नाहीत. सांगताना त्यांचा आवाज किंचित चढतो.

अर्जुनाला दिलेला उपदेश ऑस्बोर्न यांना लागू पडेल. आमच्यासारख्यांना तो कसा लागू करावा, हा खरा प्रश्न आहे. खेळाडूला कर्म आहे, फळावर अधिकार नाही, हे मान्य. पण प्रेक्षकाला कर्मच नाही. तो चेंडू पकडत नाही, कोणाला अडवत नाही, डोके फोडून घेत नाही. त्याच्या वाट्याला येते ते फळ, आणि तेही बहुधा आंबट. त्याने फलाशाही सोडायची म्हटले, तर त्याच्यापाशी उरते काय? आमचे मत असे बनत गेले आहे, की आशा धरणे हीच प्रेक्षकाची एकमेव कृती होय. ऑगस्टमध्ये तो दोन आकडे उच्चारतो, तेव्हा तो भविष्य सांगत नसतो. हंगामाच्या कामात आपला हात लावत असतो. भेंडवळची घटमांडणी ऐकायला अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जमणारा शेतकरी तिथून घरी जाऊन पेरणी रद्द करत नाही. आम्हीही आकडेवारी वाचून तिकिटे परत करत नाही.

आकडेवारीशी आमचे वैर आहे असे मात्र कोणी समजू नये. उलट, चाहत्याइतकी आकडेमोड हिशेबनीसही करत नसेल. २०२१ साली आमच्या संघाने तीन सामने जिंकले आणि नऊ गमावले. त्या नऊही पराभवांतले अंतर दहा गुणांहून कमी होते. वर्षभराची बेरीज केली तर आम्ही मिळवलेले गुण प्रतिपक्षांना दिलेल्या गुणांपेक्षा अधिक भरतात. प्रत्येक सामन्यात केवळ दहा गुण जास्त पडले असते तर हंगाम १२–० असा झाला असता, हे आम्ही त्या हिवाळ्यात कितीतरी लोकांना समजावून सांगितले. त्यांतले बरेच जण आता आम्हांला टाळतात.

त्या संघाचा प्रशिक्षक होता स्कॉट फ्रॉस्ट. याच मातीतला मुलगा, १९९७च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, दुसरीकडे एक संपूर्ण हंगाम अजिंक्य राहून २०१८ साठी घरी परतलेला. पुत्र परत येतो आणि राज्य सावरतो, ही कथा आम्ही वर्गात इतक्या वेळा शिकवली आहे की तिच्यावर आम्ही सर्वांत आधी अविश्वास दाखवायला हवा होता. आम्ही सर्वांत आधी विश्वास ठेवला. १६ विजय आणि ३१ पराभव झाल्यावर सप्टेंबर २०२२मध्ये त्याला निरोप मिळाला. त्याही आधी, २००३ साली, फ्रँक सोलिच या प्रशिक्षकाला नियमित हंगाम ९–३ असा संपल्यावर काढून टाकण्यात आले होते, कारण नऊ विजय ही सामान्य प्रतीची कामगिरी आहे असे तेव्हाच्या धुरीणांना वाटले. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा.

स्टेडियमच्या बाकावर २००८पासून आमच्या शेजारी एक वृद्ध शेतकरी बसत. मका आणि सोयाबीन करीत. सामन्याला येताना कोबी-खिमा भरलेला रुंझा नावाचा पाव दोन नग आणत, त्यातला एक आमच्या हातात देत, आणि पहिला अर्धा भाग संपेपर्यंत शक्यतो बोलत नसत. प्रतिपक्षाचा संघ मैदान सोडून जाऊ लागला की उभे राहून टाळ्या वाजवत. ती इथली रीतच आहे. पण ४० गुणांनी हरल्यावर ती पाळणे सोपे नसते. दरवर्षी पहिल्या सामन्याआधी बियाण्याच्या कंपनीच्या वहीतले दोन कागद फाडून एक ते आम्हांला देत. प्रत्येकाने आपले भाकीत लिहायचे, घडी घालायची, आणि कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी आयोवाशी शेवटचा सामना होतो; तो संपला की डबा उघडायचा.

आमचे आकडे वर्षागणिक बदलत. ८–४, ७–५, एकदा उन्मादात ११–१. त्यांचा आकडा सतरा वर्षे एकच: १२–०. २०२० साली करोनामुळे सामने कमी झाले तेव्हा डावीकडचा अंक बदलला, शून्य तेच राहिले. आम्ही एकदा धीर करून विचारले, की तुम्हांला खरेच असे वाटते का? ते म्हणाले, "प्रोफेसर, निम्मे पीक येईल म्हणून कोणी निम्मेच बी पेरतो का?" २०२३ आणि २०२४, लागोपाठ दोन वर्षे, आयोवाने अगदी शेवटच्या क्षणी किक मारून १३–१० याच फरकाने आम्हांला हरवले. दोन्ही वर्षी त्यांनी आपली १२–०ची चिठ्ठी शांतपणे उलगडून पाहिली, पुन्हा घडी घातली आणि डब्यात ठेवली. २०२४मध्ये त्यांना एक समाधान लाभले: विस्कॉन्सिनला ४४–२५ असे हरवून संघाने सहावा विजय मिळवला आणि २०१६नंतर प्रथमच हंगामोत्तर सामन्यास पात्र ठरला. त्या संध्याकाळी ते बऱ्यापैकी बोलले.

२०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वांच्या हाती एक सिद्धांत होता. आमचे प्रशिक्षक मॅट रूल जिथे जातात तिथे तिसऱ्या वर्षी झेप घेतात. टेम्पल विद्यापीठात तिसऱ्या वर्षी दहा विजय, बेलरमध्ये अकरा; आणि आमच्याकडे ते तिसरेच वर्ष होते. दोन उदाहरणांवरून नियम काढू नये, हे आम्ही कोणालाही शिकवू. आम्ही १०–२ लिहिले. शेजारच्यांनी नेहमीप्रमाणे हाताने आडोसा करून लिहिले. त्या वसंतात त्यांनी आपली सगळी जमीन खंडाने दिली होती, एवढे त्यांनी मध्येच सांगितले, आणि बियाण्याची वही आता संपत आली असेही.

ऑक्टोबरात ते गेले. १ नोव्हेंबरला सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्ध आमच्या क्वार्टरबॅकचा पाय मोडला आणि हंगामही त्याच्याबरोबर लंगडू लागला. आयोवाने घरच्या मैदानावर ४०–१६ असे हरवले. शेजारची जागा रिकामी होती. याच विद्यापीठाची विद्यार्थिनी असलेल्या विला कॅथरने १८९०च्या दशकात, डोरोथी कॅनफिल्डसह, फुटबॉलच्या सामन्यात भूत अवतरते अशी एक कथा इथल्या वार्षिकांकासाठी लिहिली होती. ती आम्ही वर्गात गंमत म्हणून सांगत असू. त्या शुक्रवारी तिची गंमत वाटली नाही.

डिसेंबरात त्यांच्या कन्येने डबा आमच्याकडे आणून दिला. तो तिने उघडला नव्हता. आम्ही त्यांची चिठ्ठी उलगडली. तीवर ७–५ असे होते.

नियमित हंगाम तसाच संपला होता: सात विजय, पाच पराभव. अठरा वर्षांतले त्यांचे हे एकमेव अचूक भाकीत. आम्हांला त्याचा आनंद व्हायला हवा होता, निदान कौतुक तरी. आम्ही ती चिठ्ठी बराच वेळ हातात धरून बसलो, आणि ती त्यांनी लिहिली नसती तर बरे झाले असते असेच वाटत राहिले.

आता २०२६च्या हंगामाचे. चौथ्या वर्षाविषयी कोणताही सिद्धांत उपलब्ध नाही. पाय मोडलेला तो क्वार्टरबॅक बरा होताच ऑरेगनला निघून गेला. २०२१पासून खेळाडूंना आपल्या नावाचा मोबदला घेता येऊ लागला, २०२५पासून विद्यापीठेच त्यांना थेट पैसे देतात, आणि संघ दरवर्षी बाजारातून नव्याने भरला जातो. अलेक्झांडर यांच्या वचनाखालून आत शिरताना याने थोडे चमत्कारिक वाटते. पण ज्यांच्या श्रमावर ही ८५ हजारांची जत्रा भरते त्यांना फुकट राबवणे हे निष्काम कर्म होते, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. आणि याच बाजाराने आशेला एक पुरावा दिला आहे. इंडियाना विद्यापीठाचा संघ शतकभराच्या पराभवांच्या संख्येत देशात अग्रभागी राहिलेला. नवा प्रशिक्षक आला, दुसरीकडचे खेळाडू आले. ऑक्टोबर २०२४मध्ये त्या संघाने आम्हांला ५६–७ असे तुडवले, आणि २०२५च्या हंगामात एकही सामना न गमावता, १६–०, राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. त्यांच्या गावातही कोणीतरी सतरा वर्षे १२–० लिहीत असेल. वेड्या चाहत्याला आजवर पुरावा देता येत नव्हता. आता येतो, आणि खरे सांगायचे तर त्यामुळे आमची पंचाईतच झाली आहे. नाही जमले तर ते अशक्य होते असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

शेजारची जागा त्यांच्या कन्येने आपल्या नावावर ठेवली आहे. तिला या खेळातले फारसे कळत नाही. बाबा काय लिहीत असत, असे तिने विचारले. आम्ही १२–० सांगितले. शेवटच्या चिठ्ठीविषयी आम्ही काही बोललो नाही. वही संपलेलीच आहे, म्हणून या वेळी कागद आमच्या घरचा. आम्ही आधी ९–३ लिहिले, म्हणजे २००३ साली ज्यासाठी एका माणसाची नोकरी गेली तोच आकडा. मग ते खोडून १०–२ केले. त्यापुढे हात गेलेला नाही. पहिल्या सामन्याला अजून अवकाश आहे, आणि डब्याचे झाकण आम्ही लावलेले नाही.