कोनाडा, चोपडी आणि पाट

संसार माणसांनी एकमेकांशी बोलून चालतो, असा एक गोड समज आहे. मला तो फारसा खरा वाटत नाही. ज्या घरात चार माणसे चार वेळांना ये-जा करतात, त्या घरातला निम्मा संसार न बोलताच चालतो. दूधवाला पहाटे येऊन जातो, भांडीवाली दहाला येते, पोस्टमन दुपारी, आणि घरचा कर्ता दिवेलागणीला. यांतली दोन माणसे वर्षानुवर्षे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. तरीही एकादशीला दूध जास्त घेतले जाते आणि मनिऑर्डरीची पावती कर्त्याच्या हाती पडते. कारण घरात कुठे तरी निरोप ठेवण्याची एक जागा असते.

आमच्या रोह्याच्या घरात ती जागा म्हणजे ओटीवरचा कोनाडा. हे दिवस सत्तरच्या दशकातले. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. रायगड झाले ते १९८१ साली. वडील धाटावच्या एका कारखान्यात पाळीवर जात. रात्रपाळीच्या आठवड्यात ते घरी येत तेव्हा आम्ही शाळेत निघालेले असू, आणि आम्ही परतत असू तेव्हा ते झोपलेले असत. मग फीचे पैसे, प्रगतिपुस्तकावरची सही, किल्ली, रेशनकार्ड, सगळे व्यवहार कोनाड्यामार्फत होत. कोनाड्याइतका विश्वासू निरोप्या मी दुसरा पाहिला नाही. तो झोपत नसे आणि विसरत नसे.

पण त्याचा एक अवगुण होता. तो कुणालाही 'नाही' म्हणत नसे. दुधाचे म्हणून ठेवलेले पैसे पेपरवाला मागायला आला की त्याच्या हातावर पडत. एका चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी बसे आणि खालची न वाचताच शिळी होई. कोनाडा सगळ्यांचा म्हणून सोयीचा, आणि सगळ्यांचा म्हणूनच धोक्याचा. हे वाक्य आईचे. त्यात संगणकशास्त्राचा एक आख्खा धडा आहे, हे तिला ठाऊक नव्हते. मला कळायलाही पुढे प्रोग्राम लिहिण्याच्या नोकरीत बरीच वर्षे जावी लागली.

तो धडा असा. पूर्वीचे प्रोग्राम लग्नातल्या भटजींसारखे असत. त्यांचा क्रम ठरलेला. आधी नाव विचारणार, मग गाव, मग रक्कम. तुम्ही मध्येच काही बोललात तरी ते ऐकत नसत. पुढे पडद्यावर विंडो आल्या, बटने आली, माऊस आला, आणि यजमानपद प्रोग्रामकडून माणसाकडे गेले. कोणते बटन आधी दाबायचे ते आता तुम्ही ठरवता. प्रोग्राम बापडा दाराशी बसून वाट पाहतो. तुम्ही रंगाचे बटन दाबले की रंगाचे काम करणाऱ्या गड्याला हाक, छापायचे बटन दाबले की छापणाऱ्याला हाक. या हाकेला 'ओ' देणाऱ्या गड्यांना आमच्या धंद्यात कॉलबॅक म्हणतात. प्रत्येक कॉलबॅक म्हणजे एक छोटे फंक्शन. हाक आली की ते जागे होते, नेमलेले काम करते आणि पुन्हा झोपते. झोपताना स्वतःजवळचे सगळे विसरून झोपते, ही त्यातली खरी मेख. रंगवाल्याने आता काय ऐकले ते छापणाऱ्याला कळायला मार्ग नाही. दोघे कधी भेटतच नाहीत. मग एकाची माहिती दुसऱ्यापर्यंत पोचवायची कशी?

तुम्ही म्हणाल, दिवाळीच्या फराळाबरोबर हे कसले लोखंडाचे चणे? पण हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत माझ्या मामांच्या घरी अगदी जिवाभावाचा होऊन बसला, म्हणून सांगतो.

मामांचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. रोह्याहून गाडीत बसावे, निडी, नागोठणे, कासू करीत पेणला उतरावे, आणि शाडूचा ओला वास येईल तिकडे चालू लागावे. पेण आणि भोवतालची हमरापूर, जोहे ही गावे मूर्तींसाठी नावाजलेली. इथल्या मूर्ती मुंबई-पुण्याला जातात आणि पार परदेशीही जातात. मामांचा व्याप त्या मानाने लहान, पण पिढीजात. एक जण साच्यातून मूर्ती काढतो, दुसरा हात-सोंड जोडतो, तिसरा अंगाचा रंग देतो, चौथा पीतांबर, आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी करणारा येतो. तो तर दिवसभर चार कारखाने फिरतो. साचेवाल्याची आणि त्याची गाठ गणपतीच्या कृपेनेच पडायची. या सगळ्यांना जोडणारा दुवा एकच: मामांचे डोके.

कुणाच्या घरी उजव्या सोंडेचा, कुणाकडे यंदा सुनेच्या हौसेने मूषक मोठा हवा, कुणाचे आजोबा गेल्यापासून मूर्ती लहान झाली, हे सारे मामांना तोंडपाठ. चोपडी होती, पण तिच्यात फक्त इसाऱ्याच्या रकमा. "देवाचे काय लिहायचे? ते लक्षात राहते," असे ते म्हणत. कारागीर येऊन विचारत, मामा सांगत, काम पुढे जाई.

दोन वर्षांपूर्वी मामांची आठवण ओसरू लागली. आधी नावे गेली, मग गावे. डॉक्टरांनी वयाकडे बोट दाखवले. रंगारी विचारी, "अण्णा, याला पितळी रंग की सोनेरी?" आणि मामा नुसते मूर्तीकडे पाहत राहत. सगळ्या घराचा कोनाडाच जणू कुणी लिंपून टाकला होता. मामी रात्री एकट्या देवघरात बसून राहत. मामेभाऊ म्हणू लागला, कारखाना बंद करून जागा भाड्याने देऊ.

अशा वेळी त्याची मुलगी, माझी पुतणी, पुढे झाली. कॉलेजात ती पायथॉन शिकली होती. "काका, आजोबांच्या डोक्यात होते ते सगळे मी प्रोग्राममध्ये घालते," असे तिने मला फोनवर सांगितले. माझ्या सगळ्या नोकरीत इतके मोठे काम कुणी इतक्या सहज अंगावर घेतलेले मी पाहिले नव्हते. पण मी "घाल" म्हणालो.

पायथॉनबरोबर टीकिंटर म्हणून बटने-विंडो रचण्याचे सामान फुकट मिळते. त्याचा पाया जॉन ऑस्टरहाउट या अमेरिकन प्राध्यापकाने बर्कलेला घातला. पुतणीने त्यातून सुबक पडदा रचला. गिऱ्हाइकाचे नाव निवडा, विंडो उघडते; उंची, सोंड, पीतांबराचा रंग निवडा, 'जतन' दाबा. 'सध्याचे गिऱ्हाईक कोण' हे तिने एका सामाईक जागी ठेवले. याला ग्लोबल व्हेरिएबल म्हणतात. प्रत्येक कॉलबॅक तिथे डोकावून पाही आणि कामाला लागे. म्हणजे आमचा कोनाडाच!

आषाढात एके दिवशी तिने गिरगावच्या एका घराची विंडो उघडली. तेवढ्यात अलिबागहून फोन आला, म्हणून अलिबागचीही उघडली. फोन संपल्यावर ती गिरगावच्या विंडोकडे वळली, पीतांबर जांभळा निवडला आणि जतन केला. पण कोनाड्यात आता चिठ्ठी होती अलिबागची. जांभळा रंग बिनबोभाट अलिबागच्या नावावर चढला. यंत्राने तक्रार केली नाही. त्याला दोन्ही घरचे देव सारखेच.

आठवड्याने रंगारी जांभळ्याची वाटी घेऊन त्या मूर्तीपाशी बसला. मी त्या दिवशी पेणलाच होतो. मामा खुर्चीत बसल्या बसल्या एकदम म्हणाले, "जांभळा कशाला? याचा पिवळा."

सगळे थांबले. महिनोन् महिने मामांनी असे ठामपणे काही सांगितले नव्हते. पुतणीने हळूच विचारले, "आजोबा, हा कुणाचा गणपती?" मामांना नाव सांगता येईना. ते उठले आणि मूर्तीखालच्या पाटाच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवले. पाट जुना, सागवानी, एका कोपऱ्याला चंद्रकोरीसारखा टवका उडालेला. "हा पाट पिवळ्याचा," ते म्हणाले. पाट किंचित कलता करून पाहिला, तर खाली तेलरंगाने अलिबागच्या घराचे आडनाव लिहिलेले होते.

शहरातल्या वाचकांसाठी सांगायला हवे, की आमच्या कोकणात घरचा पाट आधी कारखान्यात नेऊन देण्याची जुनी चाल आहे. मूर्ती त्या पाटावरच बसते, आणि चतुर्थीला पाटासकट घरी येते. साचेवाल्याकडून जोडणाऱ्याकडे, त्याच्याकडून रंगाऱ्याकडे, पुढे आखणीवाल्याकडे मूर्ती जाते, आणि तिच्याखाली तिची ओळख जाते. मध्ये कुठेही विचारायला कोनाड्याशी जावे लागत नाही.

त्या रात्री पुतणी माझ्याशी अकरापर्यंत बोलत बसली. "काका, मी गिऱ्हाईक कोनाड्यात ठेवत होते. ते पाटावर ठेवायला हवे." मला इतका आनंद झाला, की मी मामींकडे दुसऱ्यांदा चहा मागितला. कारण प्रोग्राम लिहिणारे जगभर हेच करीत आले आहेत. बटनाला गडी नेमून देतानाच त्याच्या हातात त्याची शिदोरी द्यायची: हा गडी या विंडोचा, ही विंडो या गिऱ्हाइकाची. मग तो कधीही जागा होवो आणि शेजारी कितीही विंडो उघड्या असोत, त्याचे गिऱ्हाईक बदलत नाही. जीटीके नावाच्या सामानात तर कॉलबॅक नेमतानाच असे गाठोडे सोबत देण्याची सोय आहे.

तरी एक ठेच लागलीच. यादीतल्या प्रत्येक नावापुढे तिने एकेक बटन बसवले, आणि कुठलेही दाबले तरी यादीतले शेवटचेच गिऱ्हाईक उघडू लागले! दोन दिवस ती हैराण. गोष्ट अशी, की पायथॉनमध्ये असा गडी नेमताना त्याला नाव दिले जात नाही, नावाकडे दाखवलेले बोट दिले जाते. "मी दाखवतो त्या मूर्तीला रंग दे," असे प्रत्येक रंगाऱ्याला सांगत मालक पुढे पुढे गेला. रंगारी कामाला लागले तेव्हा मालकाचे बोट शेवटच्या मूर्तीवर स्थिरावले होते. उपाय सोपा. नेमतानाच प्रत्येकाच्या हातात त्याचा त्याचा क्रमांक ठेवायचा. बोटावर विसंबायचे नाही.

मात्र सगळेच काही पाटावर मावत नाही. पाटावर ओळख असावी. बाकीचा तपशील चोपडीत, आणि चोपडी एकच. ट्रिग्वे रेनस्काउग या नॉर्वेच्या गृहस्थाने १९७८-७९ साली अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधनशाळेत हाच विचार मांडला होता: माहिती एकीकडे, ती दाखवणारा पडदा दुसरीकडे, आणि हुकूम घेणारा तिसरीकडे. पडदे दहा असोत, चोपडी एक. इंजिनिअर मंडळींच्या मॅटलॅबमध्ये तर या बाबतीत एक गंमत आहे. तिथे कॉलबॅकला चोपडीची नक्कल मिळते. नकलेत केलेली दुरुस्ती मूळ चोपडीत उतरवण्याचा हुकूम दिला नाही, तर ती वाया जाते. संसारातही नवरे मंडळी बऱ्याच गोष्टी अशा नकलेतच दुरुस्त करतात!

पुतणीने प्रत्येक पाटाखाली क्रमांक घातला. पाट नसलेल्या मूर्तीखाली क्रमांकाची फळी दिली. विंडो उघडताना तो क्रमांक विंडोला बांधला, आणि उंची, सोंड, रंग, घरची रीत हे सगळे त्या क्रमांकाखाली एकाच चोपडीत. ती भरायला तिला आजोबांची गरज होती. म्हणून श्रावणभर ती रोज संध्याकाळी त्यांच्यापुढे एकेक पाट ठेवी. नाव विचारले तर मामा गप्प. पण पाटावरून हात फिरला की बोलत. "याची सोंड डावी. यांची म्हातारी डोळे मोठे मागते." ती लिहून घेई. काही पाटांपुढे ते नुसतेच बसून राहत. त्या जागा तिने कोऱ्या ठेवल्या आणि त्या घरी फोन केले.

माणसाच्या आठवणीचा कारभारही मला आता असाच वाटतो. जे सामाईक कोनाड्यात होते, नावे, गावे, तारखा, ते एकावर एक चढून पुसले गेले. जे वस्तूला बांधलेले होते ते टिकले. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना "मला ओळखलेत का?" असे दहादा विचारण्यापेक्षा, त्यांच्या हाताची सवय झालेली एखादी वस्तू त्यांच्या हातात द्यावी. नाव येईल, न येईल, माणूस येतो.

यंदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी पेणला गेलो होतो. कारखाना चालू आहे; जागा भाड्याने देण्याची भाषा मामेभावाने सोडली आहे. मामा दाराशी खुर्ची टाकून बसले होते. अलिबागची मंडळी मूर्ती न्यायला आली. मामांनी त्यांच्याकडे पाहिले, ओळख पटल्याचे काही दिसले नाही. मग पोराने मूर्ती पाटासकट बाहेर आणली. मामांची नजर टवका उडालेल्या कोपऱ्यावर गेली, तिथून पिवळ्या पीतांबरावर, आणि ते हसून म्हणाले, "या, या. यंदा उशीर केलात."

त्यांना खरोखरच उशीर झाला होता.