ठिपके ५, तूट १

बँकेत रोकड मोजण्यात माझी अठरा वर्षं गेली, तरी सासवडच्या माळावर मला सहापर्यंत धड मोजता आलं नाही.

जून लागला होता, एक वळीव पडून गेलेला. नवशिक्यांच्या गटाबरोबर मी बोरी-बाभळींतून चालत होते, तेवढ्यात एका सपाट दगडाखालून अंगठ्याएवढा काळा किडा तरातरा निघाला. मी ओरडले, "सर, शेणकिडा!"

"शेणकिडा असा पळतो का हो? पाय बघा किती लांब. हा ग्राउंड बीटल, शिकारी. दुसरे किडे खातो. ठिपके मोजा बरं."

मानेमागच्या ढालीवर दोन, पाठीवर तीन. पाच, म्हटलं. सर हसले. याचं नावच अँथिया सेक्सगुट्टाटा, म्हणजे लॅटिनमध्ये सहा थेंबवाला. १७७५ साली लिनियसचा शिष्य फॅब्रिशियस यानं त्याला 'कॅराबस' घराण्यात बसवून ते नाव दिलं, पुढं घराणं बदललं, थेंब राहिले. पाठीवर चार हवेत. मग माझा सहावा कुठं गेला? भिंग लावलं तेव्हा उलगडा झाला. ठिपका रंगाचा नसतोच, पांढऱ्या बारीक केसांची दाट चकती असते. दगडांशी घासून ती झडते.

"ओळख पटवायची तर पोटाकडून बघा," असं सर म्हणाले आणि मी शहाणीनं तो सरळ चिमटीत धरला. त्यानं शेपटाकडचा भाग उचलला आणि पिचकारी मारली. बोटं चुरचुरली, नाकात झणझणीत आंबूस वास शिरला. मुंग्यांच्या अंगात असतं तेच फॉर्मिक ॲसिड. चष्मा होता म्हणून निभावलं. याचे बहुतेक भाऊबंद आफ्रिकेत राहतात आणि तिथल्या आफ्रिकान्स भाषेत त्यांना 'ऊगपिस्टर' म्हणतात. अर्थ सरांनी जरा लाजत सांगितला: डोळ्यात मुतणारा. कालाहारीतल्या एका सरड्याची काळी-पांढरी पिल्लं तर पाठ कमानीसारखी करून, ताठ पावलं टाकत, या भुंगेऱ्यांची नक्कल करतात. मोठी झाली की सोडून देतात.

मग पारदर्शक डबी आली. खालून बघत मी अर्धा तास मान वाकडी करून बसले. या मंडळींत मागच्या पायांचे खुबे पोटाच्या पहिल्या पट्टीला मधोमध कापत मागं जातात. शेजारी घेवड्याच्या दाण्यासारखा एक फुगीर तुकडा. तो मला लगेच दिसला, कापलेली पट्टी मात्र तिसऱ्यांदा दाखवल्यावर. मिशांचे मणी अकरा, मी दहा म्हटलं. पावलाचे तुकडे पाच, ते जमलं. इतक्यात त्यानं पुढचा पाय वर घेतला, मिशी पायाच्या खाचेत अडकवली आणि मुळापासून टोकापर्यंत सर्रकन ओढून काढली. मिशी पुसायचा चिमटा पायातच! मोजणं तिथंच राहिलं.

उडत का नाही, हे विचारल्यावर कळलं की पाठीची दोन झाकणं जुळून गेलेली आहेत, खाली उडायचे पंखच नाहीत. म्हणजे माळ गेला की हाही गेला, उडून दुसरीकडे जाणार कसा?

वर्गीकरणाचं मात्र डोकं उठलं. जगात ग्राउंड बीटलच्या चाळीसेक हजार जाती. टायगर बीटल त्यांच्यातच, असं एक पुस्तक म्हणतं, तर २०२० च्या एका अभ्यासानं त्यांना पुन्हा स्वतंत्र कुळ दिलं. मला विलीनीकरणाचे दिवस आठवले: काउंटर तोच, खुर्ची तीच, पाटी तेवढी नवी. किड्याला त्याचं काय!

डबी दगडापाशी आडवी केली. तो सावकाश बाहेर आला, क्षणभर थांबला आणि फटीत शिरला. जाता जाता मी पुन्हा मोजले. मग वहीत नाव, तारीख, जागा लिहिली आणि सवयीनं हात पुढं गेला: ठिपके ५, तूट १.